झरा नसलेलं पाणी

निघायच्या दिवशी सकाळी आईनं मला अंघोळीसाठी बादली भरून पाणी दिलं. काठोकाठ भरून. त्र्याहत्तरचा उन्हाळा होता. मंगळवेढ्याच्या पुढचं आमचं गाव टँकरवर जगत होतं आणि घरातल्या माणसांनी ओल्या फडक्यानं अंग पुसण्यालाच अंघोळ म्हणायला सुरुवात केली होती. थोरला भाऊ न्हाणीच्या दारात उभा राहून त्या बादलीकडं बघत होता. आईनं न्हाणीच्या मोरीखाली बाहेरच्या बाजूनं घमेलं लावून ठेवलं होतं आणि ती त्याच्याजवळच बसली होती.

"साबण लावू नगंस," ती भिंतीपलीकडून म्हणाली. "पाणी म्हशीला पायजे."

मी साबण न लावता अंघोळ केली. बाहेर येऊन नवी पँट चढवत होतो तेव्हा म्हैस ते पाणी पीत होती. घमेल्याचा तळ दिसल्यावरही ती चाटत राहिली. मी पुण्यात इंजिनिअरिंग शिकलेला, अमेरिकेतल्या एका विद्यापीठानं फी माफ करून बोलावलेला, गावात ज्याच्या नावाचा बोलबाला झाला होता तो मुलगा, आणि माझ्या अंगावरून गेलेलं पाणी म्हशीच्या पोटात. त्या वेळी मला त्याचं हसू आलं होतं. आता येत नाही.

सोलापूरपर्यंत आई एस.टी.नं सोडायला आली. वडील मी लहान असतानाच गेले होते, त्यामुळं अशी कामं तिच्याकडंच असायची. स्टेशनवर तिनं कडक भाकरीचं गाठोडं आणि शेंगांच्या चटणीचा डबा माझ्या हातात दिला. दुष्काळी कामावर खडी फोडून तिच्या बोटांची नखं काळी पडली होती. रडली नाही. एवढंच विचारलं, "कवा येशील?"

"दोन वर्सांनी येतो की."

"तुजी खोली तशीच ठिवते," ती म्हणाली.

गाडी हलल्यावर ती चार पावलं बरोबर चालली आणि मग थांबली. तुमच्यापैकी जे गेले त्यांना हे फलाट माहीत आहेत, आणि जे राहिले त्यांना त्यानंतरचा परतीचा रस्ता माहीत आहे. आई त्या रस्त्यानं एकटी कशी गेली, एस.टी.त तिला बसायला जागा मिळाली का, हे मी तिला कधीच विचारलं नाही.

मी जिथं पोहोचलो तो मुलूख आमच्यापेक्षाही कोरडा होता. ॲरिझोनाचं वाळवंट. ऊन थेट सोलापूरचं, उलट थोडं वरचढच. पण त्या उन्हात घरामागं घर आणि घरामागच्या अंगणात निळं पाणी. विमानातून खाली पाहिलं तेव्हा ते निळे ठिपके कशाचे असतील हे मला समजलंच नाही. शेजारच्या माणसानं सांगितलं, ते स्विमिंग पूल आहेत. मी त्याला पुन्हा विचारलं, "घरोघरी?" तो हो म्हणाला आणि पुन्हा वर्तमानपत्र वाचायला लागला.

शिक्षण झालं, नोकरी लागली, दोन वर्षं कधीच उलटून गेली. मधे गावी जाऊन लग्न करून आलो तेही उभ्या उभ्या. सुमन सोलापूरची, केमिस्ट्रीत बी.एस्सी. झालेली. भाड्यानं घर घेतलं तर त्याच्याही मागं पूल निघाला. घरमालकीण हेलनबाई शेजारच्याच घरात राहायच्या. एकट्या, वयस्कर, कडक. त्यांची अट एकच होती, पूलची निगा भाडेकरूनं राखायची. मला तर तो बुजवून मेथी लावावीशी वाटत होती, पण तसं बोलून दाखवायची सोय नव्हती.

पूलची निगा म्हणजे मुख्यतः क्लोरिन. एका डबीत दोन काचेच्या नळ्या आणि थेंबांच्या बाटल्या मिळाल्या. नळीत पूलचं पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, पाणी पिवळं झालं की क्लोरिन आहे. पहिल्यांदा नळी नाकाशी नेऊन पाणी हुंगलं आणि मी तिथंच उकिडवा बसून राहिलो. आमच्या आडाचा वास होता तो. दुष्काळात आड आटला होता. टँकर यायचा, पाणी आडातच ओतायचा, मग आरोग्य खात्याचा माणूस वरून ब्लीचिंग पावडर टाकायचा आणि बायका घागरी घेऊन तुटून पडायच्या. त्या पाण्याचा चहा कुणाला गिळवायचा नाही. आई घागरीचं तोंड उघडं ठेवून ती उन्हात ठेवायची. "ऊन वास खातं," असं म्हणायची. संध्याकाळपर्यंत वास खरंच जायचा.

इकडं लोक त्याच उन्हाशी भांडत होते. क्लोरिन सकाळी टाकावं तर दुपारपर्यंत ऊन ते खाऊन टाकतं. म्हणून त्यात आणखी एक पावडर घालायची, तिला स्टॅबिलायझर म्हणतात. ती क्लोरिनला धरून ठेवते, ऊन लागू देत नाही. नंतर दुकानात तयार गोळ्या मिळाल्या, त्यांच्यात दोन्ही एकत्रच. गोळी तरंगत्या डब्यात ठेवली की आठवडाभर बघायला नको. मला हे फार आवडलं. आई जे घालवायला धडपडायची ते मी इथं टिकवून धरत होतो, आणि तेही एका गोळीत.

आता माझा हट्ट सांगतो. पूलचं पाणी बाहेर टाकायचं माझ्याच्यानं व्हायचं नाही. फिल्टर उलट्या धारेनं धुवायचा असतो, त्यात भरपूर पाणी गटारात जातं. मी ते करायचो नाही. फिल्टर उघडून बादलीत धुवायचो आणि ती बादली झाडांना घालायचो. जेवढं पाणी उडून जाईल तेवढंच नळानं भरायचं, बाहेर मात्र थेंब जाऊ द्यायचा नाही, असा माझा नेम. सुमन हसायची आधी. "अहो, इथं काय दुष्काळ आहे का?" म्हणायची. मी म्हणायचो, तू सोलापूर शहरातली, तुला नाही कळायचं. हे बोलताना मला उगीचच मोठं झाल्यासारखं वाटायचं.

असं सुमारे तीन वर्षं चाललं. मग एका हिवाळ्याच्या शेवटी पाणी गढूळ झालं आणि पाठोपाठ हिरवं. मी गोळ्या वाढवल्या. नळीत पाणी पिवळंधमक दिसायचं, म्हणजे क्लोरिन होतं, आणि तरीही पाण्यात शेवाळ वाढतच चाललं होतं. मी डबी बदलली, थेंब बदलले, दुकानदाराला दोष दिला.

सुमननं एक दिवस पाण्याची बाटली भरून दुकानात नेली आणि तपासून आणली. "मी मागच्या वर्षीच म्हणाले होते," ती म्हणाली. "गोळीतलं क्लोरिन खर्च होतं, स्टॅबिलायझर होत नाही. पाणी उडतं, तो उडत नाही. तुम्ही वरून नवं पाणी घालता, नव्या गोळ्या घालता, आणि तो आत साठतच जातो. थोडा असला की क्लोरिनला उन्हापासून जपतो. जास्त झाला की इतकं जपतो की त्याला कामच करू देत नाही."

"मग त्याच्यावर औषध काय?"

"औषध नाही. पाणी काढायचं आणि नवं भरायचं. एवढाच उपाय."

मी नाही म्हणालो. पुरता भरलेला पूल उपसून रस्त्यावर सोडायचा? ज्याच्या आईनं अंघोळीचं पाणी म्हशीला पाजलं त्यानं? मी बरंच काही बोललो. सुमन ऐकून घेत होती, मग शांतपणे म्हणाली, "पाण्याचं राहू दे. आपण परत जातोय की इथं राहतोय, ते एकदा ठरवा."

खरं भांडण हेच होतं. हेलनबाईंना घर विकायचं होतं. बाहेर पाटी लावण्याआधी त्यांनी आम्हाला विचारलं होतं आणि उन्हाळ्याच्या आत उत्तर मागितलं होतं. सुमनला घर हवं होतं. तिला दिवस गेले होते. मी मात्र इतकी वर्षं झाली तरी पुस्तकांचे खोके उघडले नव्हते. दिवाणखान्यात खुर्च्या घेऊ दिल्या नव्हत्या. कारण मी परत जाणार होतो. आईला लिहिलेल्या प्रत्येक पत्राचा शेवट एकच असायचा, पुढच्या वर्षी येतोच. घर घेतलं असतं तर तो शब्द मोडला असता, आणि आईला दिलेला शब्द मोडणारा मी नव्हतो. पाणी टाकणारा मी नव्हतो तसाच. त्यातच हेलनबाई एकदा कुंपणापाशी आल्या, हिरव्या पाण्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, हे असंच ठेवायचं असेल तर घर दुसऱ्या कुणाला तरी दाखवावं लागेल.

अशात आई आली. सोलापूरचं एक डॉक्टर कुटुंब त्यांच्या मुलाकडं निघालं होतं, त्यांच्याबरोबर. सुमनला सोबत म्हणून आम्ही बोलावलं होतं, पण ती एवढ्या लवकर आणि एवढ्या लांब येईल असं वाटलं नव्हतं. विमानतळावर नऊवारी लुगड्यातली, डोक्यावर पदर घेतलेली, हातात ज्वारीच्या पिठाची पिशवी घट्ट धरलेली आई दिसली आणि मी तिच्या पाया पडायला वाकलो. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "लई वाळलास रं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात गेली ती थेट पूलपाशी. मी मागोमाग धावलो. तिला ते पाणी दिसू नये अशी माझी इच्छा होती, हिरवं म्हणूनही आणि एवढं म्हणूनही.

"ह्यो आड हाय व्हय?" तिनं विचारलं.

"न्हाय आई. पवायची टाकी हाय."

"वास तर आपल्या आडाचाच हाय की." ती काठावर बसली. "हिरवं कशापायी झालंय?"

मी सगळं सांगितलं. क्लोरिन, ऊन, गोळ्या. स्टॅबिलायझरला मराठीत काय म्हणायचं ते सुचलं नाही, म्हणून राखणीची पावडर म्हणालो. तिनं लक्ष देऊन ऐकलं. मग विचारलं, "ह्येला झरा कुटं हाय?"

"झरा न्हाय."

"मंग पाणी येतं कुटनं?"

"नळानं."

"आन जातं कुटं?"

"जात न्हाय. ऊन पितं तेवढंच."

"येतं आन जात न्हाय," ती म्हणाली. "नासणारच की मंग. उपसा ह्येला."

मी म्हणालो, एवढं पाणी कसं टाकायचं, तूच शिकवलंस थेंब सांडायचा नाही म्हणून. आई माझ्याकडं अशी बघायला लागली की मी जणू दुसऱ्या गावची गोष्ट सांगतोय.

"आड उपसत नव्हतो व्हय आपुन? दर उन्हाळ्याला. समदी आळी जमायची. इसरलास?"

मी खरंच विसरलो होतो. तिनं म्हटल्यावर एकेक आठवायला लागलं. उन्हाळा चढायच्या आधी एक दिवस ठरायचा. सकाळपासून मोटेच्या जाड दोरांना घागरी बांधून सगळी आळी पाणी उपसायची. पाणी आधी भांड्याकुंड्यांत, मग जनावरांना, मग परसातल्या भाजीला, आणि शेवटी रस्त्यावर, धूळ बसावी म्हणून. तळाचा गाळ पाट्यांनी वर यायचा. त्या गाळात वर्षभरात आडात पडलेले तांबे, पळ्या, कुणाची तरी जोडवी सापडायची आणि आपापल्या घरी परत जायची. गाळ निघाला की झरे मोकळे व्हायचे. दुसऱ्या दिवशी आडात गुडघाभर पाणी असायचं आणि ते इतकं गार असायचं की दातांत कळ यायची. माझ्या लहानपणी हे दरसाल झालेलं. दुष्काळ ही शेवटची गोष्ट होती, आणि तीच डोक्यात घेऊन मी गाडीत बसलो होतो. परदेशात गाव म्हणून जे जपत आलो ते एकाच उन्हाळ्याचं गाव होतं. बाकीच्या सगळ्या वर्षांवर मीच माती टाकली होती.

तिनं विसरलास म्हणताच मला रडू आलं. तिनं ते पाहिलं आणि पदर खोचला.

पंप भाड्यानं आणला. सुमननं पुन्हा पाणी तपासलं. आठवडाभर गोळ्या बंद ठेवल्या होत्या, शेवाळानं क्लोरिन संपवलं होतं, नळीत पिवळा रंग उरला नव्हता. "आता झाडांना एकवेळ चालेल," ती म्हणाली. अंगणात आणि कुंपणापलीकडं हेलनबाईंच्या परसात संत्र्याची झाडं होती, रांगेनं. आईनं गॅरेजमधून फावडं काढलं आणि दोन्ही घरांच्या झाडांना बुंध्याभोवती मातीची आळी करून दिली. मग पंप सुरू झाला आणि ती लुगड्याचा काष्टा मारून दारं धरायला उभी राहिली, शेतात पाणी फिरवताना धरतात तशी. एक आळं भरलं की माती ओढून तोंड बंद, पुढच्याचं तोंड मोकळं. हेलनबाई आधी दारातून बघत होत्या. मग त्यांनीही बूट घातले आणि स्वतःचं फावडं घेऊन आल्या. दोघींना एकमेकींचं एक अक्षरही कळत नव्हतं, पण आई "हिकडं, हिकडं" म्हणाली की त्या बरोबर तिकडंच माती ओढायच्या.

पाणी अर्ध्यावर आलं तेव्हा आई पूलच्या पायऱ्यांवर येऊन बसली. पाय चिखलानं माखलेले होते. मी तिच्याजवळ बसलो. पाणी खाली खाली जात होतं आणि भिंतीवर त्याची हिरवी ओल उरत होती.

"एक सांगायला आले बग मी," ती म्हणाली. "पत्रात न्हाय सांगता आलं."

मी तिच्याकडं वळलो.

"तू दर पत्रात येतो म्हणतोस. मी तुजी खोली तशीच ठिवलीया. शेणानं सारवते, खाटंवर वाकळ घालते. थोरल्याचं पोरगं लग्नाला आलंय, त्याला निजायला जागा न्हाय. मी म्हणते, थांबा, ह्यो यायचा हाय. मंग समदी गप बसत्यात." तिनं पायावरचा चिखल बोटानं खरवडला. "तू येणार न्हायस. मला ठावं हाय. राग न्हाय मला. पर येतो म्हणलास की वाट बघावी लागती रं. दमले मी."

"आई—"

"येतो म्हणू नगंस आता. पाव्हणा म्हणून ये. पाव्हणा यायचा म्हणलं की दिस तरी कळतो, चार गोष्टी करून ठिवाव्या वाटत्यात."

इतकी वर्षं तिला बरं वाटावं म्हणून मी जे लिहीत होतो, त्यानंच तिचा जीव अडकवून ठेवला होता. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. सुमन पंपापाशी उभी होती, तिनं ऐकलं होतं सगळं, पण ती जवळ आली नाही. आई माझ्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "सुमनला घर घिऊन दे. ती बी आपलं गाव सोडून आलीया की."

संध्याकाळी आई तळात उतरली आणि खराट्यानं कोपरे घासले. मी तिला वर ये म्हणत होतो, ती ऐकत नव्हती. तळात सुमनची हरवलेली बांगडी सापडली. ती तिनं लुगड्यानं पुसली आणि सुमनच्या हातात घातली. मग नळ सोडला. रात्रभर भरत होतं पाणी. सकाळी मी नवी पावडर मोजून टाकली, या वेळी सुमनला विचारून, आणि त्याच आठवड्यात हेलनबाईंना हो म्हणून सांगितलं. आईच्या देखत पुस्तकांचे खोके उघडले.

मुलगी झाल्यावर महिनाभरानं आई परत गेली. मी पुढच्या पत्राचा शेवट करायला बसलो आणि काय लिहावं ते सुचेना. शेवटी लिहिलं, मुलगी चालायला लागली की तिला घेऊन आठ दिवसांसाठी येऊ. खाली सही केली आणि हात हलका झाला.

तुम्ही जे गावी राहिलात, तुम्हाला वाटत असेल की आम्ही तिकडं सुखात विसरलो. आणि जे माझ्यासारखे गेलात, तुम्ही अजूनही कुणाला तरी पुढच्या वर्षी येतो असं लिहीत असाल. मला दोघांनाही काही शिकवायचं नाही. मला घर म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मी पूल उपसला त्या दिवसाचंच सांगतो, कारण त्या दिवशी मला एक घर मिळालं आणि दुसऱ्या घराचा मी पाहुणा झालो. दोन्ही आईनंच केलं.

कबूल केल्याप्रमाणं आम्ही गेलो. पावसापाण्याचं वर्ष होतं, आडाला पाणी होतं. माझ्या खोलीत पुतण्याचा संसार मांडलेला, दाराला नवा पडदा, आत त्याची नवी बायको लाजून उभी. आमची अंथरुणं सोप्यात घातली होती. सकाळी आईनं हाक मारली. न्हाणीत बादली काठोकाठ भरलेली होती आणि दगडावर साबणाची नवी वडी ठेवली होती, कागदासकट, पाव्हण्याला ठेवतात तशी. मोरीखाली घमेलं नव्हतं.

मी आत जाऊन नुसताच बसलो. भिंतीपलीकडून आईचा आवाज आला. "लाव की साबण. बघतोस काय?"

"आन म्हस?"

"म्हशीला हाय पाणी," ती म्हणाली.

मी वडीचा कागद काढला.